जंगूदादांनी थांबवलेली सभा

जंगूदादा टेकाम उभ्यानं कधी बोलले नाहीत. समोर शेकडो गोंड माणसं असली तरी ते मांडी घालून खाली बसत. म्हणत, "मी उभा राह्यलो का तुमाले मान वर करा लागते. लय केली तशी मान वर. आता बसून बोलू."

राज्यांची नवी वाटणी झाली त्या साली मी पांढरकवड्याजवळच्या जंगलातल्या एका गावी शिक्षक म्हणून गेलो. मुलांना माझं मराठी कळेना. एके दिवशी दादा वर्गात येऊन मुलांतच बसले आणि माझं वाक्यन्‌वाक्य गोंडीत सांगू लागले. पाणी म्हणजे येर, हे मी तेव्हा शिकलो. शाळा सुटल्यावर म्हणाले, "मास्तर, वाटणी भाषेवर झाली म्हणतेत. मंग आमच्या भाषेले काहून कोणी इचारलं नाही?"

गोंडांचा वेगळा प्रांत, जंगलावर गोंडांचा कारभार, एवढीच त्यांची मागणी. ती घेऊन ते वर्षानुवर्षं पायी फिरले आणि शेवटी पांढरकवड्याला मोठी सभा बोलावली. नेमकी तेव्हाच चीनशी लढाई पेटली. भाकरी बांधून लोक येऊन पोचले होते. दादा त्यांच्यात बसले. म्हणाले, "तिकडं सरहद्दीवर पोरं मरून राह्यले. आता आपलं मांगनं नाही. घरी जा."

"मंग कवा?" त्यांच्याच मुलीनं विचारलं.

दोन दिवसांनी पोलीस त्यांना घेऊन गेले. त्यांच्या बायकोला, झिंगूबाईला, घेऊन मी अधिकाऱ्याकडे गेलो. ती हात जोडून म्हणाली, "साहेब, त्यायनं तं सभा थांबवली न!"

"तेच तर," अधिकारी शांतपणे म्हणाला. "ज्याच्या एका शब्दावर एवढे लोक परत जातात, त्याच्याच शब्दावर ते पुन्हा येतील."

मी मराठी शिकवणारा माणूस. परतताना अधिकाऱ्याचं वाक्य झिंगूबाईला सोपं करून सांगितलं.

दादा सुटून आले तेव्हा खंगले होते. पुन्हा गावोगाव हिंडले. लोक आदरानं बसवत, चहा देत आणि म्हणत, "दादा, तुमीच तं घरी जा म्हनलं होतं."

तरी पासष्ट साली वीस-पंचवीस जण कसेबसे जमले. दादा बोलायला लागणार तोच शिपाई सांगत आला, पाकिस्तानशी लढाई सुरू झाली, जमाव करू नका. दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, आता काय सांगू यायले?"

एकेक जण उठून त्यांच्या पाया पडला आणि निघून गेला.

त्याच हिवाळ्यात तापानं दादा गेले. मातीला साऱ्या मुलखातून माणसं लोटली. शेतं, वाट, नाल्याचा काठ, कुठं पाय ठेवायला जागा नव्हती. इतकी माणसं जमली होती, आणि त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं.