उघडलेली खिडकी

"अगं, पण नापास झालीस कशी? 'जरा खिडकी उघडता का', एवढंच तर म्हणायचं होतं," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

"म्हणायचं होतं. मी उठून उघडली."

सासूबाई तोंड फिरवून हसल्या.

वीस वर्षं मी वॉर्डात नर्स आहे. जर्मनीतल्या हॉस्पिटलची नोकरी जर्मन भाषेच्या या तोंडी परीक्षेवर अडली होती. नम्र विनंतीचं 'क्योन्टन झी बिटे' मला झोपेतही म्हणता येतं. पण मी विनंती करून दाखवावी म्हणून परीक्षकबाईंनी 'इथे फार उकडतंय' म्हटलं मात्र, मी खुर्चीतून उठलेच. कुणाला सांगत बसण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, ही जन्माची खोड. खिडकी उघडून वर त्यांचं टेबलही पुसून दिलं.

"घरी तरी आई कुणाकडे काही मागते का?" लेक म्हणाली. "सगळं स्वतः करते आणि मग दिवसभर ऐकवते."

कार्टी बोलली ते खरंच होतं.

"पाणी," नवरा म्हणाला, आणि मी अर्धी उठलेसुद्धा. तशीच पुन्हा बसले.

"सोमवारी परीक्षा परत आहे," मी सांगितलं. "तोवर मी जागची हलणार नाही. काय हवं ते जर्मनमध्ये मागेन. तुम्ही आणून द्यायचं."