मास्तरांच्या हाताखाली

कॉलेजात मी नेमका कोण होतो, हे माझ्या बायकोला बरीच वर्षं नीट सांगता येत नसे. आमच्या भाजे गावात तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "पुण्याला कालिजात हायेत. पोरांना पळाया लावत्यात." विचारणारा हसायचा. पळायलाही शिकवावं लागतं, आणि त्यासाठी कुणी पगार देतं, हे आमच्या मावळात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर काही दिवशी मलाही पटत नसे.

वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालो होतो. शाळामास्तर व्हावं असं मनात होतं, पण जागा मिळाली नाही. मग कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याच्या एका कॉलेजात मैदानावर कामाला लागलो. गवत काढायचं, रूळ फिरवायचा, शर्यतींच्या आधी फक्कीच्या रेघा मारायच्या. मैदानाच्या कोपऱ्यातली एक खोली राहायला मिळाली. घरी जाणं शनिवारी संध्याकाळी.

खेळांचे जे मुख्य होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. उंच, ताठ माणूस, आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोरगं दचकावं. एका सकाळी त्यांच्या लांब पल्ल्याची शर्यत पळणाऱ्या पोराला सोबत पळायला कुणी नव्हतं. मास्तरांनी रुळापाशी उभ्या असलेल्या मला विचारलं, "पळतोस का रे?" मी धोतराचा काचा मारला आणि अनवाणी पळालो. ते पोरगं मागं राहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "रूळ आता दुसरं कुणीतरी ओढेल. तू माझ्याबरोबर उभा राहा."

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबर उभाच राहिलो. कागदावर मला 'असिस्टंट' म्हणू लागले. पोरं भाऊ म्हणायची.

हाताखालच्या माणसाचं काम सोपं दिसतं. मुख्य ठरवतो आणि हाताखालचा सांगतो. कोणाला संघात घेतलं हे मास्तर सगळ्यांसमोर जाहीर करायचे, आणि कोणाला घेतलं नाही हे मी एकेकाला बाजूला घेऊन सांगायचं. काही पोरं मान हलवून निघून जात. काही भांडत. एकानं माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडून घेतलं आणि पुढं तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. दर जूनमध्ये नवी पोरं येत आणि जुन्याच चुका करत. पळताना मागं वळून बघत, उडी मारताना खाली बघत. मी म्हणायचो, "पुन्हा." दिवसभर तो एकच शब्द. रविवारी घरी भाकरी वाढताना बायकोनं विचारलं, "आणखी देऊ?" तर माझ्या तोंडून "पुन्हा" असं निघून जायचं.

वर्षातले थोडे दिवस मात्र बरे जात. मार्गशीर्षात, भाताची कापणी झाली की, मास्तर निवडक पोरांना घेऊन लोणावळ्याला यायचे. घाटाच्या गार हवेत छाती मोकळी होते, असं त्यांचं मत होतं. एका शेटजींचा बंगला हिवाळ्यात रिकामा असे, तो मिळायचा. बंगल्यामागच्या कापलेल्या खाचरातली धसकटं उपटून मी पळायला वाट करायचो, उडीच्या खड्ड्यात गिरणीतलं तूस आणून भरायचो. पोरं सकाळी वळवणच्या धरणाकडं पळत जात आणि एखाद्या रविवारी लोहगड चढत. भाज्याला उतरायचं मळवली हे पुढचंच स्टेशन असल्यामुळं मलाही अधूनमधून घर दिसायचं.

अशाच एका मुक्कामात मास्तरांचं काहीतरी बिनसलं आहे, याची मला खात्री पटली. शंका उन्हाळ्यापासून होती. चहाचा पेला घ्यायला त्यांचा हात जायचा तो पेल्याच्या शेजारी. पोरगं पळत असलं की ते मला हळूच विचारत, "कसा येतोय?" आधी वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी सांगायचो, "डावा खांदा पडतोय." लगेच ते गरजत, "डावा खांदा वर घे!" पलीकडचं पोरगं चकित होई. मास्तरांना इतक्या लांबून दिसतं! आम्ही दोघं कधी याविषयी बोललो नाही. ते विचारायचे, मी सांगायचो, ते ओरडायचे. असं चाललं होतं.

त्या सकाळी भालाफेक चालली होती. फेकणारा वडगावच्या एका मुसलमान लाकूडव्यापाऱ्याचा मुलगा होता, अंगानं दांडगा आणि स्वभावानं गाईसारखा. त्यानं भाला सोडला आणि त्याच वेळी मास्तर खड्ड्याकडं जायला म्हणून सरळ भाला पडायच्या पट्ट्यातून चालू लागले. सगळे ओरडले. आवाज कुठून येतोय ते न कळून मास्तर मधेच थांबले. मी धावत जाऊन त्यांना कोटाला धरून ओढलं, आणि आम्ही दोघंही धसकटांत पडलो. भाला त्यांच्यापासून हातभर अंतरावर मातीत रुतला.

मास्तर उठले, कपडे झटकले. वडगावचा मुलगा धावत येऊन उभा राहिला.

"वाऱ्यानं भाला वळला," मास्तर म्हणाले.

धुकं निघून गेलं होतं. खाचराच्या बांधावर पेंढा पडला होता, त्याची काडीही हलत नव्हती. मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी भाला उपटायला वाकलो. मग तो म्हणाला, "हो मास्तर. वारा होता."

त्या दिवसापासून पोरांनाही कळलं. कुणी कुणाशी ठरवलं असेल असं मला वाटत नाही, पण मास्तरांजवळ जाताना प्रत्येक जण दोन पावलं अलीकडंच बोलू लागला. "मास्तर, मी आलोय, उंच उडीवाला." चेष्टा कुणी केली नाही. एरवी एकमेकांना नावं ठेवण्यात त्यांचा दिवस जायचा, म्हणून मला त्याचं जास्त वाटलं.

संध्याकाळी व्हरांड्यात मास्तरांनी मला बसवून घेतलं.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच कधी काही विचारलं नाहीत."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर सांगतात. उरलेलीही जाईल." पुढं म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही रे. मैदान सोडलं तर मी सकाळी उठून करू काय?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

मी ते सहज म्हटलं. त्याचं ओझं नंतर कळलं. दिवसभर दोन माणसांचं बघायचं. आपलं बघून झालं की त्यांच्या वाटणीचं बघायचं, ते कुणाला ऐकू जाणार नाही असं सांगायचं, आणि वाटेत दगड, दोरी, बादली काही आलं तर आधी आपण पुढं व्हायचं. रात्री पडल्यावर डोळे चुरचुरायचे. बायकोच्या ध्यानात आलंच.

"अवं, त्यांचं बी काम तुमीच करताय," ती म्हणाली. "मंग त्यो हुद्दा तुमीच का न्हाई मागत?"

"कुनाकडं मागू? आनि त्यांनी जावं कुटं?"

"ते मला म्हाईत न्हाई. पर तुमी लय वाळलाय."

आरशात मलाही तेच दिसत होतं.

पुढच्या हिवाळ्यात पुण्यात कॉलेजांच्या शर्यती झाल्या. शर्यत संपते त्या फितीपाशी पंच म्हणून निरनिराळ्या कॉलेजांची वडीलधारी माणसं उभी राहत. अर्ध्या मैलाच्या शर्यतीला मास्तरांचं नाव लागलं. मी म्हटलं, "तब्येत बरी नाही म्हणून सांगतो."

"नको. नाही म्हटलं की का ते विचारतील."

"मग मी तुमच्या मागं उभा राहतो."

पण फितीपाशी पंचांखेरीज कुणाला थांबू देईनात. मला दोरीच्या बाहेर काढलं. मास्तर तिथं एकटे उभे राहिले, हात पाठीमागं बांधून, नेहमीसारखे ताठ.

शर्यत चुरशीची झाली. शेवटच्या वळणावर आमचा मुलगा आणि दुसऱ्या कॉलेजचा एक, दोघंच उरले आणि खांद्याला खांदा लावून फितीवर आले. मी दोरीबाहेर तिरक्या बाजूला उभा होतो, मला ठरवता आलं नाही. एक पंच म्हणाला आमचा. दुसरा म्हणाला त्यांचा. मग सगळे तिसऱ्या पंचाकडं, म्हणजे मास्तरांकडं वळले.

मास्तरांनी मान थोडी फिरवली. मी कुठं आहे ते शोधत असावेत. मी दोरी घट्ट धरून उभा होतो. त्यांनी 'आमचा' म्हटलं असतं तर त्यांच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नसतं, इतका त्यांचा मान होता.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मला दिसलं नाही," ते म्हणाले.

"गर्दीमुळं?" पंचांतल्या एकानं त्यांना वाट काढून द्यायला विचारलं.

"नाही. मला दिसत नाही. वर्ष झालं. इथं उभं राहायलाच नको होतं मी."

शेवटी दोघांना बरोबरीत पहिलं ठरवलं. आमचा मुलगा मात्र चिडला. "एक शब्द बोलायचा होता मास्तरांनी!" तो माझ्यावर ओरडला. "वर्षभर मी काय फुकट पळालो?" त्याला चार गोष्टी सुनावाव्यात असं वाटलं. पण माझ्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं. "घोंगडी पांघर, घाम आलाय," एवढंच मी म्हटलं आणि मास्तरांना घ्यायला दोरीखालून आत गेलो. या वेळी मला कुणी अडवलं नाही.

मास्तरांनी काम सोडलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावून चहा पाजला. "तुम्ही फार सांभाळलंत," ते म्हणाले, "पण मुख्याच्या जागेला आता शिकून आलेला माणूस लागतो. माझा इलाज नाही." माणूस चांगला होता, सांगताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. मी बरं म्हटलं. मी काही मागायला गेलोच नव्हतो, तरी परत येताना मैदानाला लांबचा वळसा घातला.

नवे सर मद्रासहून शिकून आले होते, माझ्याहून बरेच लहान. मी त्यांना मैदान दाखवलं, पाणी कुठं साचतं, कुठली खोली गळते, सगळं. ते मला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणू लागले. शर्यत सुटताना पायांसाठी जमिनीत खळगे कसे खणायचे, हात कुठं टेकायचे, कंबर केव्हा उचलायची, हे त्यांनी आम्हाला नव्यानं शिकवलं. पोरं खरोखरच वेगानं सुटू लागली. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. तेवढं निमित्तही त्यांनी दिलं नाही.

मास्तर मुलीकडं नगरला राहायला गेले होते. मी एकदा भेटून आलो. ओसरीवर बसले होते, अंग उतरलं होतं, डोळे आता पूर्ण गेले होते.

"पोरं कशी आहेत?"

"आहेत तशीच आहेत."

"आणि नवा माणूस?"

मी खळग्यांबद्दल सांगितलं. त्यांनी मला ओसरीवरच तसं बसायला लावलं, माझ्या गुडघ्यावर, पाठीवर, बोटांवर हात फिरवून सगळं समजून घेतलं. त्यांची मुलगी दारात उभी राहून बघत होती. मास्तर मागं टेकले आणि म्हणाले, "हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं रे." पुढच्या वर्षी ते गेले. मला आठवड्यानं कळलं.

मग युद्ध आलं. मैदानावर लष्कराचे तंबू पडले. नवे सर फौजेत जवानांना कवायत शिकवायला गेले, आणि मुख्याची जागा तात्पुरती म्हणून मला मिळाली. पळायला जमीन नव्हती. पोरांतली काही बेचाळीसच्या चळवळीत, काही तुरुंगात. बाँबच्या भीतीनं मुंबईची कुटुंबं लोणावळ्यात येऊन राहिली होती, त्यामुळं तो बंगलाही गेला. मी खोलीत बसून लोखंडी गोळे गंजू नयेत म्हणून तेल लावायचो, भाले उन्हात ठेवून पुन्हा आत घ्यायचो. बायको मात्र गावभर सांगत सुटली, "आता मोठं सायेब झालं." मी तिला अडवलं नाही. इतक्या वर्षांत तिला सांगण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

तंबू उठले तेव्हा मैदानात खडी आणि खुंट्यांची भोकं राहिली. आणखी एक नवे सर आले आणि मी परत असिस्टंट झालो. एक हंगाम काढला. गुडघे वाकेनात, शिट्टीला दम पुरेना. एका पोराला "पुन्हा" म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, राहू दे, बरा पळतोय की हा. त्याच आठवड्यात मी सोडून द्यायचं ठरवलं. निरोपाचा हार आणि चहा झाला.

वळकटी घेऊन मळवलीला उतरलो आणि भाज्याच्या वाटेला लागलो. बायको अंगणात तांदूळ निवडत होती.

"आज मंगळवारचंच आलासा?"

"आता कायमचाच आलो."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "म्हंजी रोज हितंच?"

"व्हय."

तिनं सुपावर फडकं टाकलं. मग म्हणाली, "मंग उद्या खळ्यावर चला. झोडणीला एक मानूस कमी हाय."

"उद्या न्हाई," मी म्हटलं. "उद्या झोपतो."

तिनं वळकटी माझ्या हातातून घेतली आणि आत नेऊन उलगडून अंथरली.