मशीनपुढचा कट्टा

आमच्या मजल्यावर समोरच्या दारातल्या बाईला सगळे हवालदार म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक आहे आणि तिची हरकत नाही. जिन्यात कोणी कचऱ्याची पिशवी ठेवली, तर ती उचलून त्याच्याच दाराच्या कडीला अडकवते. मला ती काका म्हणते, पण म्हणून माझी पिशवी सोडलेली नाही.

पूर्वी ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. शर्टात कॉलर सगळ्यात अवघड. टोक जरा वाकडं गेलं की अख्खा शर्ट बाद. ते काम तिने हौसेने सोडलं नाही. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. नवरा ट्रकवर, घरी असला तर असला. थोरल्या दिरांचं घर लांब आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अडचणीचं. तेव्हा सासूबाई इथेच राहतील आणि ही घरी बसेल, असं ठरलं.

घरी बसेल हा शब्द मला तेव्हाही खटकला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारी बाई बसलेली मी पाहिलेली नाही. कूस बदलायची, अंग पुसायचं, ओली चादर काढायची, खालचं रबरी कापड धुवायचं, नवी चादर चारी कोपऱ्यांना पिना लावून ताणायची. सुरकुती राहिली की पाठीला जखम होते. तिच्या सासूबाईंच्या पाठीला अजून जखम नाही. यामागे किती काम आहे ते करणाऱ्यालाच कळतं.

थोरल्या दिरांनी आपला वाटा म्हणून कपडे धुण्याचं मशीन आणून दिलं. ते फरशी बसवणारे कारागीर आहेत. बाथरूमचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून त्यांनी मशीनपुढे अगदी लागून टाइल्सचा एक वीतभर उंच कट्टा बांधला. मी तो पाहिला होता. सांधे सरळ, कोपरे जुळलेले, काम चोख. त्यानंतर ते अधूनमधून यायचे, कट्ट्यावरून हात फिरवायचे, दारातूनच आईला बरी आहेस ना म्हणून विचारायचे आणि चहा पिऊन जायचे.

एका सकाळी मशीन अडलं. आत साबणाचं पाणी, पाण्यात चादरी आणि दार बंद. पंप घुरघुरायचा, पण पाणी हलायचं नाही. तिने मशीन बंद करून पुन्हा लावलं. मागचा पाइप कुठे मुडपलाय का ते चाचपून पाहिलं. त्याचं टोक मोरीतून काढून फुंकलं. वाट मोकळी होती. मग उरलेल्या चादरी हाताने धुवायला घेतल्या. कॉलरी शिवून तिचा उजवा अंगठा कधीच कामातून गेला आहे. चादर पिळताना ती दात आवळायची, ते मला माझ्या दारातून दिसायचं.

दुरुस्तीवाला आला तेव्हा तिने मला मशीन पुढे ओढायला बोलावलं. थोरले दीरही कामावरून हत्यारांची पिशवी घेऊन तसेच आले होते. मशीन ओढायचं कुठे? पुढे कट्टा. दुरुस्तीवाला जमिनीवर आडवा झाला, बॅटरी मारली आणि विचारलं, खालच्या कोपऱ्यातलं झाकण कुठे आहे? त्या झाकणामागे फिल्टर असतो. बटणं, पिना, दोरे तिथे अडकतात. मधूनमधून तो काढून धुवायचा असतो.

झाकण कट्ट्याच्या मागे गेलं होतं. मशीन आल्यापासून ते कोणी उघडलंच नव्हतं.

त्याने मागचा पाइप खाली बादलीत सोडून पाहिला. चमचाभर पाणी आलं आणि थांबलं. अडकलेलं फिल्टरपाशीच आहे, तो म्हणाला. कट्टा फोडा, नाहीतर मशीन उचलून बाहेर घ्या. आणि भरलेलं मशीन मी उचलणार नाही, तुम्हीही कंबर मोडून घेऊ नका.

कट्ट्याला हात लावायचा नाही, असं दीर म्हणाले. मशीनच फालतू निघालं. मग घसा खाकरून खरी गोष्ट बाहेर काढली. त्यांनी आईसाठी एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात न्यायचं. तिथे धुवायला माणसं असतात.

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"मला न विचारता?"

"तुझ्याच भल्यासाठी. हात बघ तुझे."

"हात मी रोज बघते, भावोजी. तुम्ही आज बघितलेत."

ती तिथेच थांबली नाही. आईंना इथे ठेवायचं तुम्ही ठरवलंत, म्हणून मी काम सोडलं, आता घालवायचं तेही तुम्हीच ठरवता, आणि ज्या बाईला न्यायचं तिला तरी विचारलंत का, असं ती एका दमात बोलली. आवाज चढला नव्हता. तिचा आवाज खाली जातो तेव्हा जास्त भीती वाटते. दुरुस्तीवाला उगाचच आपला पाना पुसत बसला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"फोड गं तो कट्टा."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"माझी चादर आहे आत."

हिने दिरांच्याच पिशवीतून हातोडा आणि छिन्नी काढली. मी पुढे झालो, तर म्हणाली, काका, लांब राहा. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला नुसता टवका उडाला. पक्कं काम होतं, मानलं पाहिजे. चुकीच्या जागी बांधलेलं पक्कं काम कच्च्यापेक्षा जास्त छळतं. दीर भिंतीला टेकून बघत होते, आणि शेवटी त्यांच्यातल्या कारागिराला राहवलं नाही.

"छिन्नी तिरकी धर. सांध्यात घाल."

"मग तुम्ही धरा."

ते हलले नाहीत. तिने छिन्नी तिरकी धरली, सांध्यात घातली आणि मारत राहिली. प्रत्येक घावाला अंगठ्याची कळ चेहऱ्यावर यायची. टाइल सुटली, मग सिमेंट, मग विटेचा तुकडा. झाकण दिसलं.

दुरुस्तीवाल्याने खाली पसरट ताटली धरून फिल्टर थोडा थोडा सैल केला. ताटली भरली की बंद, ओतली की पुन्हा सैल. पाणी संपल्यावर फिल्टर ओढला, तर केसांचा आणि दोऱ्यांचा काळा गोळा निघाला. त्यात एक उघडी पिन. दिरांनी ती चिमटीत उचलून तिच्यापुढे धरली.

"बघ. तुझीच पिन."

"माझीच. चादर काढताना माझ्याकडून राहिली. ती बाहेर काढायची वाट तुम्ही बुजवलीत."

फिल्टर धुऊन परत बसवला, मशीन चालू झालं, नवं पाणी भरलं आणि सळसळत मोरीत गेलं. कोणी हसलं नाही. तिने चादरी काढता काढता सांगितलं, आई इथेच राहतील आणि रविवारी त्यांचं सगळं तुम्ही करायचं. दीर म्हणाले, मी असलं कधी केलेलं नाही. ती म्हणाली, कॉलर तरी मी आईच्या पोटातून शिकून आले होते का?

रविवारी ते आले ते सिमेंट घेऊन. कट्टा नव्याने बांधतो, झाकणापुढची जागा मोकळी सोडतो, म्हणाले. ती आपली खुर्ची घेऊन माझ्या दाराशी येऊन बसली. घमेल्यात थापी फिरल्याचा आवाज येत होता. मग सासूबाईंनी हाक मारली. कोणाच्या नावाने नाही, नुसतीच.

थापी थांबली. त्यांना वाटलं असेल ही उठेल. मीच अर्धा उठलो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो. दुसरी हाक आली. नंतर बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. ते हातांचं सिमेंट धूत होते. मग सासूबाईंचा आवाज आला, आधी कूस बदल, ओढू नकोस रे, खांद्याखाली हात घाल.

ती ऐकत होती, जबडा आवळून. तिचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण ती उठली नाही.

ते बाहेर येईपर्यंत घमेल्यातलं सिमेंट घट्ट झालं होतं. ते त्यांनी खरवडून टाकलं आणि दुसरं कालवायला बसले.