धोटेबाईंची बादली

धोटेबाईंच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या आईबापांपुढे पाणी यायचं, पण बादलीतून. म्हणजे प्यायला नव्हे. व्हरांड्यातल्या नळाखाली एक निळी बादली अर्धी भरलेली असायची आणि बाई सोबत आलेल्या मुलाला सांगायच्या, "जा बेटा, तेवढं पाणी कूलरमध्ये टाकून ये." आईबाप फाइल सावरत, घसा खाकरत, आपली कहाणी कुठून सुरू करावी याच्या विचारात उभे. बाईंची नजर मुलावर आहे असं वाटायचं. खरं तर त्या बादलीची कडी बघत असायच्या. तिच्यावर आईबापाचा हात किती लवकर पडतो, ते.

माझा हात माझ्या मुलीच्या आधी पडला होता. "तुमच्याएवढा चपळ माणूस मी नाही पाह्यला, भाऊ," असं बाई म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो आणि थँक्यू म्हणालो.

आम्ही साताऱ्याकडचे. विमा कंपनीनं बदली करून जयपुरात आणून टाकलं, तेव्हापासून तिथल्या मानसरोवर भागात राहत होतो: मी, बायको शुभा आणि दुसरीतली रेवा. धोटेबाई नागपूरच्या. नवरा फौजेत कर्नल आणि त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ज्या मुलांना बटण लावणं, पायऱ्या उतरणं, फळ्यावरचं वहीत उतरवून घेणं जमत नाही, अशांना त्या शिकवायच्या. छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून दुर्गापुऱ्यात घेतलेलं भाड्याचं घर त्यांनी क्वार्टर मिळाल्यावरही सोडलं नाही. कारण काय, तर त्या व्हरांड्याच्या छताला लोखंडी कड्या होत्या आणि कड्यांना झोका टांगता येत होता. "क्वार्टरच्या छताला भोकं पाडली तर साहेबांचं कोर्टमार्शल होईल," म्हणायच्या.

त्यांच्याकडे जायची वेळ आली ती शाळेमुळे. मार्चमध्ये रेवाच्या क्लासटीचरनं आम्हाला बोलावलं. गोड बोलणारी मुलगी. "बच्ची बहुत प्यारी है सर, लेकिन..." म्हणून ती थांबली. आजवर त्या 'लेकिन'इतकं मला कशाचं भय वाटलेलं नाही, ऑडिटचंसुद्धा नाही. पुढे ती म्हणाली, की रेवा लिहिते ते रेघेवरून खाली घसरत जातं, डबा उघडता येत नाही म्हणून ती उपाशी राहते, ओळीत चालताना पुढच्या मुलीवर आदळते. एक साल और देखते हैं. नाही जमलं तर आप कोई दूसरा स्कूल सोच लीजिए. परत येताना स्कूटरवर रेवा आमच्या दोघांच्या मधे बसली होती. सिग्नलला ती म्हणाली, "बाबा, मतलब मी पास झाले ना?"

"झालीस की," मी म्हणालो. आवाज असा निघाला, की शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

पुढच्याच आठवड्यात पाडवा होता. इथल्या मराठी मंडळींचं त्या दिवशी एकत्र जेवण असतं. पंगतीतून श्रीखंडाची वाटी घेऊन रेवा येत होती, वाटेत काहीही नसताना अडखळली आणि सरळ एका बाईंच्या पायांशी आपटली. श्रीखंड सगळं त्यांच्या पैठणीवर. मी धावलो आणि माझ्या रुमालानं ते पैठणीवर आणखी पसरवलं. बाईंनी साडीकडे पाहिलंही नाही. रेवाला उठवून बसवलं, तिच्या फुटलेल्या ओठाला बर्फ लावला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरगी पडली तेव्हा हात पुढे नाही आले तिचे. पाह्यलं का तुम्ही?"

मी म्हणालो, "चप्पल नवीन आहे."

"चप्पल पायात असते, भाऊ. मी हातांचं विचारून राहिली." असं म्हणून धोटेबाईंनी शुभाला आपला नंबर दिला. मला नाही.

ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रेवा पडते हे मला माहीत होतं. मुलं पडतातच, असं मी आईला फोनवर सांगायचो. पण पडताना माणूस हात पुढे करतो आणि माझी मुलगी करत नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं. ती सरळ तोंडावर पडायची. आता ती जिना उतरायला लागली की मी कठड्याशी जाऊन उभा राहायचो. ऑफिसात फोनवर नको नको ते वाचायचो आणि कुणी आलं की पटकन क्रिकेटचा स्कोर उघडायचो.

भीतीनं माणसं देवळात जातात. मी कोचिंग क्लास काढला. मालवीय नगरातल्या आमच्या ऑफिससमोर जिकडे बघावं तिकडे क्लासच्याच पाट्या होत्या, त्याचाही परिणाम असेल. धोटेबाई मुलांची चाचणी घेतात, असं शुभा म्हणाली. चाचणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेची तयारी करता येते. मी व्हिडिओ बघून काय काय विचारतात ते शोधून काढलं आणि आठवडाभर रोज संध्याकाळी रेवाला फरशीच्या रेघेवरून चालवलं, एका पायावर उभं केलं, मणी ओवायला लावले. घोषवाक्यही दिलं: हात पंख, नजर भिंतीवर. बाईंनी हिला बघावं आणि म्हणावं, "काही नाही हो हिला, घेऊन जा घरी," एवढंच मला हवं होतं.

बादलीचा प्रसंग आटोपल्यावर बाईंनी जमिनीवर खडूनं रेघ काढली. रेवा ओठ हलवत, हात पसरत, समोरच्या भिंतीवर नजर रोखून चालली. छान चालली. मी शुभाला कोपरानं ढोसलं.

"वा," बाई म्हणाल्या. "आता उलटी ये, बेटा."

रेवा थांबली. वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, हे आपल्या सिलॅबसमध्ये नव्हतं."

बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पेशंटचा ताप उतरवून डॉक्टरकडे आणणारे तुम्ही पहिले."

मी हसलो. शुभा हसली नाही. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "आम्हाला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. "आमच्यानंतर हिचं काय होईल, याची."

इथे कुणीही 'घाबरू नका' म्हणालं असतं. सगळे म्हणतच होते. धोटेबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "भ्या न वहिनी. कोण नाही म्हणून राहिलं? मी पण भिते. पण बसून नका भिऊ. काम करता करता भ्या."

पहिलं काम त्यांनी लावलं ते मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं. "मला जे वाटून राहिलं ते नंतर. आधी दुसरं काही नाही, हे कळू द्या." त्या डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर आम्ही बसलो होतो, तेव्हा रेवा भिंतीवरच्या हत्तीची सोंड कुठल्या बाजूला आहे ते मला समजावत होती आणि मला एकही शब्द कळत नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, की हे वाढणारं नाही, पण पूर्ण जाणारंही नाही. बुद्धी उत्तम आहे. हातापायांना सांगावा उशिरा पोचतो. मी औषध विचारलं. औषध नव्हतं. तेव्हा मी जास्तच घाबरलो. चिठ्ठीवर काही लिहून मिळालं की बरं वाटायचं वळण असतं आपल्याला.

मग सुरू झाली बाईंची कामं. रेवा कणीक मळायची, गादी ढकलायची, झोक्यावर पालथं पडून जमिनीवरचे ठोकळे उचलायची. सांगानेरहून आणलेले जुने लाकडी छापे बाईंकडे होते. दोन्ही हातांचा भार देऊन ती ते रंगात बुडवून कापडावर उमटवायची. आणि कूलर. जयपूरच्या उन्हाळ्यात कूलर सारखं पाणी मागतो, तेव्हा बादलीला काम कमी नव्हतं. सांडायचंच. व्हरांड्यातून दारापर्यंत पाण्याची वाट उमटायची. बाई म्हणायच्या, "सांडू द्या. फरशी आहे, माती नाही. वाहून जाणार नाही."

घरी आम्हाला एकच सांगितलेलं होतं: तिचं तिला करू द्या. हे सांगणाऱ्यानं कधी सकाळी स्कूल व्हॅनचा हॉर्न ऐकलेला नसतो. मी गुपचूप बटणं लावून द्यायचो. एकदा शाळेतून परस्पर बाईंकडे गेलो, तर रेवाला दारातच बघून त्या म्हणाल्या, "आज शर्ट बाबांनी घातला."

"कशावरून?" मी विचारलं.

"सगळी बटणं आपापल्या भोकात आहेत."

शाळेतही त्या स्वतः गेल्या. त्या गोड मुलीला त्यांनी काय सांगितलं, कुणास ठाऊक. पण रेवा पुढच्या बाकावर आली, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी तिला छापील कागद मिळायला लागला आणि तोंडी परीक्षेत तिनं सगळी उत्तरं दिली. तरी ते 'लेकिन' कायम होतं. निर्णय मार्चमध्ये.

अशात संक्रांत आली. संक्रांतीला जयपुरात कुणी जमिनीवर नसतं, अख्खं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं. मी गच्चीच्या दाराला आदल्या दिवशीच कुलूप घातलं होतं. रेवानं बाईंना सांगितलं आणि बाईंचा मला फोन. "कठडा आहे न? तुम्ही आहात न? मग पाठवा पोरीला." मी पाठवली. तिच्या मांजाची चरखी धरून उभा राहिलो. शेजारच्या गच्चीवरून "वो काटा" असा गलका झाला, मी वर बघितलं, आणि रेवा कटलेल्या पतंगामागे धावली. डिशच्या पाइपाला पाय अडकला. आवाज आधी ऐकू आला. मी वळलो तेव्हा ती पालथी पडलेली होती आणि हलत नव्हती.

हलली. रडली. हनुवटी फाटली होती, टाके पडले. पण ती हलत नव्हती त्या क्षणात मी जे काही बघितलं, ते आजही कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुर्गापुऱ्याला गेलो ते भांडायलाच. रेवाला बरोबर नेलं होतं, पुरावा म्हणून. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती. मी कोचिंगवाला माणूस. दार उघडल्याबरोबर सुरू केलं, "बाई, बास झालं. तुमच्या सांगण्यावरून..." आणि पुढची वाक्यं अडली, कारण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. शुभानं फोन केल्यापासून त्यांनी पोटात काही घातलं नव्हतं. त्या रेवासमोर गुडघ्यांवर बसल्या. हनुवटीच्या पट्टीला बोट लावलं.

मग म्हणाल्या, "हात दाखव, बेटा."

रेवानं हात पालथे धरले.

"तळवे."

तिनं हात उलटे केले. दोन्ही तळवे सोलवटले होते. मनगटापर्यंत लाल, त्यात गच्चीवरची बारीक खडी अजून रुतलेली. आम्ही हनुवटीच्या नादात तिकडे धड बघितलंही नव्हतं. बाईंनी ते तळवे आपल्या हातात घेतले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्या हसत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हात पुढे आले पोरीचे."

मी तिथेच पायरीवर बसलो. "बसून नका भिऊ," बाई नाक पुसत म्हणाल्या, "आत जा, हळदीकुंकवाच्या ताटातली हळद आणा, तळव्यांना लावायला. आणि तीळगूळ पण आणा, तिथंच आहे."

मार्चमध्ये शाळेनं रेवाला ठेवून घेतलं. अक्षर अजून रेघेवरून घसरतं. ती अजून पडते. मी अजून कठड्याशी जाऊन उभा राहतो, फक्त आता तिच्या पाठीमागे.

मे महिन्यात कर्नलसाहेबांची बदली निघाली. आम्ही निरोप घ्यायला गेलो तेव्हा व्हरांड्यातले झोके उतरवलेले होते, छताच्या कड्या रिकाम्या लोंबत होत्या आणि घरभर खोकी. आता पुढे कसं, हे शुभानं विचारलं नाही, पण तिचा पदर परत मुठीत गेला होता. बाईंनी तो बघितला. कूलर मात्र चालू होता, तो घरमालकाचा. नळाखाली निळी बादली होती, या वेळी काठोकाठ.

"जा रेवा, टाकून ये."

रेवानं कडी धरली. बादली उचलली, एका बाजूला कलंडली, सावरली. पाणी तिच्या पायांवर, खोक्यांवर, कर्नलसाहेबांच्या बुटांवर. कूलरपाशी स्टूल होतं. ती स्टुलावर चढली, बादली छातीशी धरून. स्टूल डुगडुगलं.

पाणी आत पडल्याचा आवाज आला. थोडंच पडलं असेल.

बाई कूलरकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझे दोन्ही हात पाठीमागे होते आणि डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"भिऊन राहिले का, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"खूप," मी म्हणालो.

"हो न," त्या म्हणाल्या आणि रेवानं स्टुलावरून पुढे केलेली रिकामी बादली त्यांनी परत नळाखाली ठेवली.