वळणोबाला न सांगितलेलं नाव

महाडच्या दवाखान्यातून नलूला शेवटचं उमरठला, तिच्या घरी नेत होतो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. जांभळाच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली, बाहेर बघत पुटपुटला, "मी सुरेश. घरी चाललोय." हे वाक्य जिनं लिहिलं ती मागं निजलीय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं...

नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं मुलांसाठी पाच पुस्तकं लिहिली, त्यातला हा वळणोबा. तिन्हीसांजेला वळणावर त्याला आपलं नाव सांगायचं. न सांगता जो जाईल त्याचा रस्ता संपतच नाही, तो चालतच राहतो. पाचाडची पोरं तिला विचारायची, "तो जेवतो काय?" महाडचे एक गृहस्थ कुवेतहून सुट्टीवर आले होते, त्यांचा फोन आला. "पोरगा गाडी थांबवायला लावतो. आता मीपण नाव सांगतो, बाई. इतक्या लांबून येतो, घरी पोचायचं असतं ना." इथवर नलू खूश होती. पण जांभळाखाली नारळ दिसायला लागले, एका दगडाला शेंदूर लागला, तशी तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथं दिवा लावणाऱ्या एका म्हातारीला तिनं गाठलंच. "आजी, तो खरा नाही. मी बनवलाय!"

म्हातारीनं वातसुद्धा खाली ठेवली नाही. "तू नाय गो बनवलास. त्यानं तुझ्याकडनं लिवून घेतलान."

नलू हे सगळ्यांना हसून सांगायची. मात्र पुढं-पुढं ते हसू जरा उशिरा यायचं. नाव तिनं कधीच सांगितलं नाही. "आपणच रांधलेल्या भाताला कुणी नमस्कार करतं का?" हट्टी बाई!

तेराव्याला शेजारची आर्या माझ्याजवळ येऊन बसली. पाचही पुस्तकं तिला तोंडपाठ. हळूच म्हणाली, "बाईंनी नाव नाय सांगितलान कधी. मंग त्या पोचल्या काय?"

मी तिला रागावणार, तेवढ्यात आठवलं. त्या दिवशी गाडीत ड्रायव्हरनं स्वतःचं नाव घेतलं होतं. तिचं कुणीच घेतलं नव्हतं... घर तिच्या माणसांनी भरलेलं होतं, तरी मला ते रिकामं वाटायला लागलं. मला तिची फार आठवण येते, आणि ती कुठंतरी चालतेच आहे हे मला सहन होईना.

परवा संध्याकाळी पोलादपूरहून रिक्षा केली आणि वळणावर थांबवली. दगडापुढं उभी राहून म्हटलं, "ही नलिनी. घरी चाललीय." जांभळाचं पानही हललं नाही.

परत येऊन रिक्षात बसले आणि सवयीनं आत सरकले. वाऱ्यासाठी नलूला कडेची जागा लागायची.

रिक्षावाला वळून म्हणाला, "आजून कोन येनार हाय काय?"

"आली," मी म्हटलं. "चल आता."