बसून धरलेला नेम

मले उभं राहता येते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच खुर्ची शोधायले धावतात. दहा मिनिटं राहता येते, पावर हाउस नावाच्या आमच्या बाजारात कोणी धक्का नाही मारला तर वीस. पण तीन वर्षांची असताना तापात डावा पाय गेला तो गेलाच, आणि धनुष्य खेचायचं म्हटलं की दोन्ही पाय भक्कम लागतात. मी उभ्यानं खेचलं की बाण जाते रायपूरले आणि मी जाते भुईवर.

म्हणून मी बसून मारते. ही काही अपंगाची सोय नाही, ही आमच्या घरची रीत आहे. बाबा भंडाऱ्याकडचे, धानाच्या घरचे. इकडं पोलादाच्या प्लँटमधे लागले, सारी नोकरी भट्टीपाशी घाम गाळला, पण गावाहून आणलेलं बांबूचं धनुष्य काही सोडलं नाही. माझे आजोबा तसल्याच धनुष्यानं काळवीट मारत. पाणवठ्याच्या वाटेवर पळसाच्या फांद्यांची ताटी उभी करायची, तिच्यामागं भुईवर मांडी घालून बसायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि वाट पाहायची. त्याले ते लपण म्हणत. मंग शिकारीवर बंदी आली. बरंच झालं बाप्पा, आज खरं काळवीट समोर आलं तर मी हातच जोडीन. पण बसायची विद्या घरात राहिली. क्वार्टरच्या मागं, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली, बाबांनी पोत्यात धानाचं तणस भरून हरीण केलं, तुराट्यांची ताटी बांधली आणि मले तिच्यामागं बसवलं. मी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत खेळाच्या तासाले मले पोरींच्या चपला राखायले बसवत. चपला! घरी येऊन मी सारा राग त्या हरणावर काढत असे.

बाबा म्हणत, "उभ्या माणसाले हरीण दिसत नाही, हरणाले उभा माणूस दिसते. तू बसून राय." आणि दुसरं एक सांगत, ते तर रोज. हरीण तोंड करून उभं असेल तर मारायचं नाही, पाठ करून असेल तर नाही. आडवं येईल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागं, बरगडीत. पोटात लागलं तर जनावर तीन दिवस तडफडते आणि ते पाप फिटत नाही. आडवं नाही आलं तर बाण परत घरी.

गेल्या हिवाळ्यात कळलं, अहिवाऱ्याकडे एका मैदानात देशी धनुष्याची स्पर्धा आहे. आणि तिच्यात एक फेरी चक्क लपणाची! ताटीमागून, तारेवर सरकत जाणाऱ्या नकली हरणाले मारायचं, तीन बाण. मी वाचलं आणि किंचाळलीच. पन्नाशीची बाई कायले किंचाळून राहिली म्हणून कमी ऐकू येणारे बाबाही पलंगावर उठून बसले. भाची म्हणे, "मावशी, वहाँ सब लड़के रहेंगे, हँसेंगे." मी म्हटलं, हसू दे, दात त्यांचे.

मैदानात गेली तर लपण पाहूनच मले हसू आलं. ताटी कमरेएवढी आणि तिच्यामागं गडी उभे. प्रत्येकाचं डोकं वर असं, जसं कुंपणावर मडकं पालथं घातलं. हरीण मात्र देखणं केलं होतं, तागाच्या पोत्याचं अंग, सिमेंटच्या पांढऱ्या पोत्याचं पोट. स्पर्धेचे सेक्रेटरी गळ्यात शिटी घालून फिरून राहिले होते. माझी कुबडी पाहिली आणि चेहरा एकदम मऊ केला. मले असा मऊ चेहरा अजिबात सोसत नाही.

"दीदी, खड़े होकर मारना पड़ेगा. नियम है."

"कहाँ लिखा है?"

त्यांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. कुठंच नव्हतं.

"लिखा नहीं है दीदी, पर होता है."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! ताटी भुईवर, हरीण भुईवर, आणि शिकारी तेवढा उभा? खरं हरीण असतं तर यांना पाहून केव्हाच दुर्गले पोचलं असतं. पण मी वाद नाही घातला. ताटीमागं गेली, पोतं अंथरलं, कुबडी बाजूले ठेवली आणि बसली. म्हटलं, आता उठवा. बाईमाणसाले हात लावून उठवणार कोण? सेक्रेटरींनी दोनदा शिटी वाजवली. मी काय रेल्वेचा डबा आहे, शिटीवर हलायले? शेवटी ते म्हणाले, "चलो, एक तीर मार लो दीदी, शौक पूरा कर लो."

सगळ्याले तीन बाण, मले एक. आणि वरून शौक! चाळीस वर्षांत बोटाले घट्टे पडले माझ्या.

बांधाआडच्या माणसानं दोर ओढला. हरीण निघालं, पण तारेले बांधलेली त्याची सुतळी पिळली होती, ते माझ्याकडंच तोंड करून सरकत आलं. मी दोरी कानापर्यंत खेचली. आता वळेल, मंग वळेल. नाही वळलं. तसंच तोंड करून दुसऱ्या टोकाले गेलं. मी दोरी ढिली केली, बाण तसाच.

"टाइम खतम!"

मागं कोणीतरी म्हणालं, "डर गई." हशा झाला, एकानं तर टाळ्या पिटल्या. डोळ्यात पाणी आलं माझ्या, रागाचं. मनात आलं, मारायचा होता कुठंही, पोटात तर पोटात, नुसत्या पोत्याले कसलं पाप? पण तसंच मारायचं असतं तर बाबांनी मले एवढी वर्षं घासलं कशाले?

मी उठली नाही. पुढच्या गड्यासाठी हरीण परत पहिल्या टोकाले न्यायचं होतं. दोर उलटा ओढला गेला, झटका बसला, आणि सुतळीचा पीळ सुटला. हरीण आलं ते आडवं आलं. साऱ्या अंगानं आडवं.

मी खेचलं आणि सोडलं. धप्प. पुढच्या पायाच्या मागं, पिसापर्यंत आत.

मंग सेक्रेटरींचा आवाज आला, "ये नहीं गिना जाएगा दीदी, टाइम हो गया था."

"हिरन के पास घड़ी नहीं होती, भैया," मी म्हटलं. त्यांनी माझ्या नावासमोर आडवी रेघ मारली. एकजण बाण आणून देतो म्हणाला, मी नाही म्हटलं. कुबडी घेतली आणि माझी मीच गेली, माझ्या चालीनं. पुढचा गडी धनुष्य घेऊन ताटीमागं वाट पाहत उभा होता. पाहू दे.

घरी बाबांनी नंबर नाही विचारला. विचारलं, "कुठं लागला?"

"पुढच्या पायाच्या मागं," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"आडवं होतं?"

"आडवंच होतं, बाबा."

"मंग ठीक," म्हणाले आणि कुशीवर वळले. तेव्हा मात्र मी रडली, चांगली हुंदके देऊन रडली.

या हिवाळ्यात नवा फॉर्म आला. खाली एक नवी ओळ, जाड अक्षरात: सभी प्रतियोगी खड़े होकर ही तीर चलाएँगे. भाची रडकुंडीले आली, "मावशी, ये तो आपके लिए ही लिखा है." मी ती ओळ तीनदा वाचली. एवढी वर्षं स्पर्धा चालून राहिली, ही ओळ लिहायची कोणाले गरज पडली नव्हती.

बाबाले सांगायले गेली. भट्टीच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाचे गेले आहेत, ओरडून सांगा लागते.

"बाबा, त्यांनी माझ्यासाठी नियम केला!"

"नेम?" बाबांनी कानाले हात लावला. "लागला का?"

"लागला, बाबा."

मंग फॉर्म पुरा भरला आणि त्या जाड ओळीच्या बरोबर खाली सही केली. बसून.