भिडूच्या रंगाला आधी होकार

मधुकरराव वानखडे पंचाहत्तर वर्षांचे झाले, हे त्यांना स्वतःला अजून पटलेलं दिसत नाही. मी अकोल्याहून अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा ते बडनेऱ्याला रेल्वेत होते आणि संध्याकाळी क्लबात ब्रिज खेळायला येत. पहिल्याच दिवशी मला त्यांचा भिडू म्हणून त्यांच्या समोर बसवलं. त्यांनी ‘एक इस्पिक’ अशी बोली दिली, म्हणजे हुकूम इस्पिकचा करू या. माझ्याकडे चार इस्पिकं होती, पण बदामाची लांबलचक रांगही होती. मी ऐटीत बदाम बोललो. विरोधी जोडीने बोली चढवत नेली आणि आमची इस्पिकं हातातच राहिली. डाव संपल्यावर मधुकरराव म्हणाले, “काहून सर, इस्पिक होते ना तुमच्यापाशी? मंग आधी भिडूले सांगा, का मी हावो तुमच्यासंगं. आपली शान मंग दाखवा.”

मला ही निव्वळ खेळातली पद्धत वाटली. पुढे माझ्या मुलीने वकिलीचं शिक्षण सोडून सेमाडोहच्या जंगलात कामाला जायचं ठरवलं. घरात प्रत्येकाचं वाक्य ‘पण’ने सुरू होत होतं. मधुकरराव आले, ऐकलं आणि म्हणाले, “जाय बेटा.” राहायची सोय, रस्ता, पगार या चौकश्या त्यांनी त्यानंतर केल्या, आणि त्याही आमच्यापेक्षा बारकाईने.

बाबाराव गावंडे हे त्यांचे जन्माचे भिडू. बाबारावांना हल्ली विसर पडतो. बोलीच्या मध्येच आपण काय बोललो ते निसटतं. यंदा अकोल्याच्या सामन्यासाठी त्यांच्या जागी दुसरं कुणी घ्यावं, असं क्लबात ठरत आलं होतं. कार्यवाह म्हणून तो निरोप सांगायचं काम माझ्याकडे आलं. मधुकरराव म्हणाले, “खेळ समजते त्याले अजून. बोली इसरते. तं बोली मी लहान करतो.”

अकोल्यात बाबारावांनी ‘एक इस्पिक’ म्हटलं, आणि मधुकररावांनी थेट ‘चार इस्पिक’ म्हणून बोलीच संपवली. रंग आधी बोलणाऱ्याने डाव खेळायचा आणि त्याच्या भिडूने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून गप्प बसायचं, असा नियम आहे. मधुकररावांनी पत्ते मांडले तेव्हा त्यांचे देखणे बदाम सगळ्यांना दिसले. त्यांनी ते एकदाही बोलून दाखवले नव्हते. मधेच बाबारावांचा हात थबकला. हुकूम कोणता, तेच आठवेना. मधुकररावांना तोंड उघडायची मुभा नव्हती. पण हुकुमाची पानं नेहमी एका कडेला मांडतात. बाबारावांनी तिकडे पाहिलं, मान हलवली आणि डाव असा काढला की अकोलेकरही वा म्हणाले. सामना आपण हरलो, ते वेगळं.

परतताना गाडी मी चालवत होतो. मागून बाबारावांनी विचारलं, “आज माह्या समोर कोन बसलं होतं रे? चांगला मानूस वाटला.”

मधुकरराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “होता एक बुढा. उद्याबी येतो म्हने.”

मधुकररावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ही इच्छा अगदीच निःस्वार्थी नाही. आम्हीही आता सत्तरीला टेकलो आहोत. नावं, चाव्या, चेहरे निसटू लागले आहेत. आम्ही त्यांना ओळखेनासे होऊ, त्या दिवशीही समोरच्या खुर्चीवर ते हवेत.